हरणासाठी .३०८ मध्ये किती ग्रेनची गोळी घ्यावी? भाऊ विस्कॉन्सिनला हाय

वावरवाला_दारव्हा

रामराम मंडळी. पयलेच सांगून देतो, हे इकडच्या शिकारीचं नाही. इकडं हरणाले हात लावनं गुन्हा हाय अन् तो रायलाच पायजे.

विषय असा हाय की माझा लहाना भाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनले असतो, चार वर्षं झाले, कंपनीच्या व्हिसावर. त्याच्या ऑफिसात एक वयस्कर मानूस हाय, शेतकरी घरचा, दोघाचं चांगलं जमते, त्यानं या नोव्हेंबरात हरणाच्या सीझनले सोबत चाल म्हटलं. तिकडं लायसन काढून, टॅग (एका हरणाची चिठ्ठी) घेऊन, कायद्यात बसून हरीण मारता येते. रायफल तोच मानूस देनार, .३०८ मापाच्या नळीची बोल्टवाली, वर दुर्बिन लावलेली. भाऊ दुकानात नुसता पाहाले गेला तं एका .३०८ चेच पंधरा-वीस प्रकारचे डबे, कोनावर १५० लिहेल, कोनावर १६५, १६८, १८०, एकावर तं ११० पन. दुकानदाराले विचारलं तं तो म्हने कोनतंही घे. मंग त्यानं तिथूनच मले व्हिडिओ कॉल लावला, इकडं रात्रीचे साडेबारा, मी वावरात जागलीवर, तुरीत रोही (नीलगाय) येते म्हून, अन् मचानावर बसून मोबाईलमधी एक एक डबा पाहून रायलो.

आमच्या घरी आजोबाची बारा बोर होती, लायसनची. त्याच्यानं मले छर्रा समजते, एलजी म्हंजे जाडा छर्रा तो समजते, हे ग्रेनचं काही मालूम नाही. ग्रेन म्हंजे बारूदचं वजन का गोळीचं? जास्त वजनाची घेतली तं हरीण जागच्या जागी पडते का? का हलकी घ्यावी म्हंजे सरळ जाते? झाडीतलं ठिकान हाय, शंभर यार्डाच्या आत, लय झालं तं दीडशे. भावाचं एकच म्हननं हाय, चुकलं तं चुकलं पन जखमी होऊन पळालं नाही पायजे. आमची माय पन फोनवर त्याले हेच म्हने, मारशीन तं एका गोळीत मार बाप्पा, मुकं जनावर तडफडू देऊ नको. जानकारानं सांगजा.

माजी_फौजी_पुलगाव

भाऊ, ग्रेन म्हणजे गोळीचं वजन, काडतुसातून जो तुकडा उडून जातो फक्त त्याचं. बारूदही ग्रेनमध्येच मोजतात पण तो आकडा डब्यावर नसतो, घरी काडतुसं भरणाऱ्यांनाच त्याचं काम. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो. १५० ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅम, १८० म्हणजे साडेअकराच्या थोडं वर.

पण वजनाच्या आधी गोळीची जात बघायला सांग. .३०८ आणि आपली फौजेतली ७.६२ जवळपास एकच माप, एसएलआर रायफलीत आम्ही तीच चालवली, तिची गोळी दीडशे ग्रेनला थोडी कमी. तिला पूर्ण तांब्याचं कवच असतं, आत शिसं, आणि ती फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते. फौजेत ती तशीच लागते कारण १८९९ साली हेगला ठरलं की लढाईत अंगात फुलणारी गोळी वापरायची नाही. त्याच्या आधी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी टोक उघडं ठेवलेली गोळी काढली होती, म्हणून तसल्या गोळीला जगभर दमदम म्हणतात. शिकारीत नेमकं उलटं, तिथं फुलणारीच पाहिजे, टोकाला शिसं उघडं किंवा प्लॅस्टिकची टोपी, म्हणजे आत गेल्यावर ती छत्रीसारखी उघडते, जखम रुंद होते आणि जनावर लवकर जातं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत पूर्ण कवचाची गोळी हरणावर चालवायला बंदीच आहे. डब्यावर 'फुल मेटल जॅकेट' लिहिलं असेल तो डबा खाली ठेवायचा, ग्रेन कितीही असू दे. ती निशाणाच्या सरावाला ठीक.

सोनारओळ_कारंजा

बंदुकीतलं मला कळत नाही पण वजनातलं कळतं म्हणून लिहितो. १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा. आजचा दहा ग्रॅमवाला नाही, जुना, ११.६६ ग्रॅमचा. १८३३ साली इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा धरला आणि चांदीचा रुपया पण तेवढ्याच वजनाचा पाडला. एक मासा म्हणजे १५ ग्रेन, बारा माशांचा तोळा. मग तुमची १५० वाली गोळी झाली दहा मासे, १६५ वाली अकरा मासे, १८० वाली बारा. घरी आईच्या पेटीत राणीछाप रुपया असेल तर तळहातावर घेऊन बघा, १८० ची गोळी तेवढीच जड, आणि १५० वाली म्हणजे त्यातून दोन मासे कमी, नुसत्या हातानं फरक लगेच समजत नाही इतका कमी आहे तो.

वर्धा_ते_टेक्सास

मी मूळचा आर्वीकडचा, टेक्सासला अकरा वर्षं झाली, आठ सीझन हरणांचे केलेत. आधी एक महत्त्वाचं, ग्रेन वगैरे नंतर. भाऊ व्हिसावर आहे म्हणालात म्हणून सांगतो, एच-वन-बी सारख्या व्हिसावर असणाऱ्या माणसाला अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यानं बंदूकच काय एक काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. त्याला एक सूट आहे, तिथल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन जवळ असेल तर चालतं. म्हणजे क्रम असा, आधी लायसन, मगच रायफलला हात, मगच डबा विकत घ्यायचा, सरावाच्या रेंजवर सुद्धा आधी लायसन खिशात. आणि विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला लायसनसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. तो मनापासून करायला सांगा, मी केला तेव्हा पहिल्यांदा कळलं की गोळी सोडण्याआधी हरणाच्या मागं काय आहे ते बघायचं असतं. नुसता दुकानात बघायला गेला ते बरं झालं, अजून घेतलं नाही ना काही?

आता गोळी. झाडीत, दीडशे यार्डाच्या आत, .३०८, व्हाइटटेल हरीण. विस्कॉन्सिनचा नर म्हणजे सत्तर ते नव्वद किलो धरा, आपल्या चितळाच्या मोठ्या नराएवढा. याला १५० किंवा १६५ ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली गोळी पुरून उरते. १८० नं पण मरतं, नाही असं नाही, पण तिची गरज नाही.

लोकांना वाटतं जड गोळी म्हणजे जास्त ताकद. एकाच काडतुसात तसं होत नाही कारण मागं ढकलणारं बारूद तेवढंच. १५० वाली नळीतून सेकंदाला २८०० फुटाच्या आसपास निघते, १८० वाली २६०० च्या आसपास, आणि ताकदीचा हिशेब केला तर दोघींची जवळपास सारखी येते. फरक ताकदीत नाही, ती कशी खर्च होते त्यात आहे. जड गोळी लांब असते, आत खोल जाते, हाडाला लागून थांबत नाही. हलकी वेगानं जाते, लवकर फुलते, पण फार हलकी असेल तर वरवरच फुटून जाते. ते ११० वालं म्हणूनच घ्यायचं नाही, तसल्या गोळ्या बहुतेक छोट्या जनावरांसाठी असतात, खांद्याच्या हाडावर लागली की चुरा होतो, आत फुप्फुसापर्यंत काही जात नाही आणि हरीण तीन पायांवर दोन दिवस जगतं.

आणि ते १६८ नीट बघायला सांगा. १६८ वर बऱ्याचदा 'मॅच' लिहिलेलं असतं, ती कागदावरच्या निशाणासाठी बनवलेली, टोकाला बारीक भोक असतं पण ते फुलण्यासाठी नाही. १६८ मध्ये शिकारीची गोळी पण मिळते. आकडा एकच, काम वेगळं, म्हणून डब्यावर शिकारीचं नाव किंवा हरणाचं चित्र आहे का ते बघायचं.

माझं स्वतःचं सांगतो, जड गोळीनं मला काय शिकवलं ते. तुम्हाला ऐकून नवल वाटेल पण टेक्सासमध्ये आपलं चितळ आहे, १९३२ साली आणून सोडलेलं, इकडं त्याला ॲक्सिस म्हणतात, आणि बाहेरचं जनावर म्हणून त्याला बंद सीझन नाही, वर्षभर मारता येतं. आणि दक्षिणेकडं चक्क आपला रोही आहे, किंग रँच नावाच्या मोठ्या जमीनदारीनं शंभरेक वर्षांपूर्वी आणलेला, आता हजारोंनी झालाय. रोह्याचं कातडं किती जाड ते तुम्हाला सांगायला नको, त्याच्यासाठी लोक १८०-२०० ग्रेनच्या, आतून कडक बांधणीच्या गोळ्या घेतात. मी पण माझ्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलसाठी तसला १८० चा डबा घेतला होता. रोही काही मिळाला नाही, डबा उरला, आणि पुढच्या आठवड्यात चितळाच्या मादीवर तीच गोळी चालवली. पंचेचाळीस किलोचं जनावर असेल. गोळी बरोबर खांद्यामागं लागली, मी दुर्बिणीत बघितलं, आणि मादी जशी काही झालंच नाही अशी वळून पळाली. गोळीला फुलायला त्या अंगात काही अडलंच नाही, इकडून पेन्सिलीएवढं भोक, तिकडून पेन्सिलीएवढं भोक. अडीचशे पावलांवर वेड्या बाभळीत सापडली, हो आपल्या वेड्या बाभळीचीच जात, इकडं तिला मेस्किट म्हणतात. रात्री टॉर्च घेऊन काट्यात शोधत होतो आणि तिथंच ठरवलं की जनावर बघून गोळी, डब्यात उरलीय म्हणून नाही.

वावरवाला_दारव्हा

लय धन्यवाद दादा, व्हिसाचं तं आमच्या ध्यानातच नव्हतं, रात्रीच भावाले फोन केला, अजून एक काडतूस घेतलं नाही त्यानं, कोर्सले नाव नोंदवून रायला. सोनारकाका, मायच्या पेटीतून रुपया काढला, व्हिक्टोरियाचा, घासून अक्षरं गेली त्याचे. तळहातावर ठेवून पाह्यला. एवढ्याशा चीजनं ऐंशी किलोचं जनावर पडते म्हंजे कमाल हाय.

अजून दोन गोष्टी. त्या मानसाचं म्हननं हाय की झाडीत १८० च घे, हलकी गोळी फांदीले लागून वाकडी जाते, जड गोळी फांद्या तोडत जाते. हे खरं हाय का? अन् त्याच्याजवळ एक जुनी लिव्हरवाली थर्टी-थर्टी पन हाय, पाहिजे तं ते घे म्हने, हलकी हाय उचलाले.

वर्धा_ते_टेक्सास

फांदीचं खरं नाही. जुन्या लोकांत ही समजूत फार आहे, मीही मानायचो. पण फांदीला लागली की १५० असो की १८०, कुठलीच गोळी सरळ जात नाही, बोटाएवढ्या काडीनं पण वळते. झाडीत उपाय एकच, मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचं, नाही मिळाली तर ते हरीण आपलं नव्हतं.

थर्टी-थर्टी चांगली रायफल, १८९५ पासून लोक हरणं मारतायत तिनं, शंभर-सव्वाशे यार्डाला काही कमी नाही. तिच्यात १५० किंवा १७० ग्रेन. पण एक ध्यानात ठेवायला सांगा, तिच्यात काडतुसं नळीच्या खालच्या ट्यूबमध्ये एकामागं एक उभी लागतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे जिथं ठोका बसून बार उडतो तिथं, टेकलेलं असतं. म्हणून तिच्यात चपट्या टोकाचीच गोळी घालायची, किंवा रबरासारखी मऊ टोपी असलेली खास तिच्यासाठीची. टोकदार कडक गोळी घातली आणि धक्क्यानं ट्यूबमध्येच काडतूस उडालं तर हात जाईल.

टिपेश्वरच्या_बाजूले

तुमचं चालू द्या, पन मले एक विचारायचं हाय. आमच्याकडं चितळाचा कळप संध्याकाळी अभयारण्यातून निंघते अन् रातोरात एक एकर हरभरा साफ करते, शेंडे शेंडे खुडून नेते, सकाळी पाह्यलं तं वावर नांगरल्यावानी. रोही अन् डुक्कर तं इचारूच नका. मी दोन वर्षांपासून परवानगीच्या मागं हाव. मिळाली तं मले कोनत्या ग्रेनची लागन? गावात एकाकडं .३१५ ची रायफल लायसनची हाय.

माजी_फौजी_पुलगाव

दादा, दुःख खरं आहे तुमचं, माझं पण तीन एकर कोरडवाहू आहे. पण चितळाला परवानगी मिळत नाही, नाव पण काढू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. आपल्या राज्यात पिकासाठी जी परवानगी मिळते ती रोही आणि रानडुकराची, तीही वनखात्याच्या लेखी हुकमावर, ज्याच्या नावानं बंदुकीचं लायसन आहे त्यानंच, आणि मेलेलं जनावर खात्याच्या ताब्यात द्यायचं, घरी आणायचं नाही. चितळाचं फक्त पंचनामा करून नुकसानभरपाई, तेवढं ताबडतोब करा, उशीर झाला की अर्ज बाद होतो. आणि हात जोडून सांगतो, कुंपणात करंट सोडू नका कोणी. दरवर्षी त्यात माणसं मरतात, बहुतेक वेळा घरचीच, पहाटे पाणी द्यायला गेलेली.

.३१५ चं म्हणाल तर तिच्यात निवडायला काही नाहीच. आपल्या सरकारी कारखान्याचं काडतूस येतं, २४४ ग्रेनची मऊ टोकाची गोळी, म्हणजे सोनारभाऊंच्या हिशेबानं सव्वा तोळ्याच्या वर. जड आहे, हळू आहे, रोह्याला जवळून पुरते. लांबून मारण्यासाठी ती नाही. तिकडच्या माणसाला एका .३०८ मध्ये वीस डबे, इकडं एक. म्हणून इकडं निवड करायची ती अंतराची, शंभर पावलांच्या आत आल्याशिवाय घोडा ओढायचा नाही.

जुना_जागल्या_केळापूर

मी बहात्तर वर्षांचा आहे, नातू टाईप करून देतो आहे. हे सगळं वाचून घेतलं त्याच्याकडून.

कायदा यायच्या आधीची गोष्ट आहे, मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. आमच्या काकाकडे भरमार बंदूक होती, नळीत वरून बारूद, मग कापडाचा बोळा, मग शिशाचे तुकडे, वरून परत बोळा, लोखंडी गजानं ठासायचं. शिसं घरी चुलीवर वितळवून ओतायचे, वजन कोणी करत नव्हतं, कधी मोठा तुकडा तर कधी लहान. काकाचं म्हणणं नळीत जितकं मावेल तितकं चांगलं. त्या रात्री तुरीत चितळं आली, काकानं मचाणावरून बार काढला, धूर एवढा झाला की काही दिसलं नाही. सकाळी मी आणि काका माग काढायला गेलो. तुरीच्या पानावर रक्ताचा थेंब होता, कुंकवाच्या टिकलीएवढा, वाळून काळा पडलेला. मग दहा पावलांवर दुसरा. मग धुऱ्यावर बोराटीच्या काट्याला केस लागलेले. तिथून नाल्यात उतरलो, नाल्याच्या वाळूत चार खुरांऐवजी तीनच खूर उमटलेले आणि एक पाय ओढत नेल्याची रेघ. सूर्य डोक्यावर आला तेव्हा सापडली ती, मादी होती, पळसाखाली बसलेली, आम्हाला बघून उठायला गेली पण उठता आलं नाही. पोटात लागले होते तुकडे. तिनं मान वळवून आमच्याकडे बघितलं ते मला आजपर्यंत दिसतं. काकानं विळ्यानं काम संपवलं आणि तिथंच नाल्यात बसून राहिला, बराच वेळ बोलला नाही. घरी आल्यावर बंदूक आढ्याला टांगली ती परत उतरवली नाही.

तुमचा भाऊ गोळीचं वजन विचारतो आहे, फुलते की नाही हे विचारतो आहे, मला फार बरं वाटलं. त्याला सांगा पोटावर गोळी टाकू नको. पुढच्या पायाच्या मागं, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर, तिथं फुप्फुस असतं. जनावर आडवं उभं राहील तेव्हाच. तोंड किंवा पाठ आपल्याकडे असेल तर जाऊ दे.

वर्धा_ते_टेक्सास

काका, नमस्कार घ्या. तुम्ही लिहिलेली जागा तंतोतंत तीच आहे जी कोर्समध्ये चित्र काढून शिकवतात.

दारव्हावाल्या भाऊंसाठी राहिलेलं सांगून टाकतो. शेवटी १५० घ्यावी की १६५, हे त्या रायफलला विचारायचं. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. नळीच्या आत जे पीळ असतात ते गोळीला फिरवतात, लांब जड गोळीला जास्त पीळ लागतो. .३०८ ला बहुतेक दहा किंवा बारा इंचात एक फेरा असतो आणि दोन्हीत १५० ते १८० नीट चालतात, म्हणून काळजी नाही, पण हे प्रकरण किती महत्त्वाचं आहे त्याची एक गोष्ट आहे. १९५५ साली विंचेस्टरनं .२४३ काढली आणि त्याच वर्षी रेमिंग्टननं .२४४ काढली, गोळीची जाडी एकच. रेमिंग्टननं पीळ कमी ठेवला, बारा इंचात एक फेरा, तर तिच्यात हरणासाठीची १०० ग्रेनची गोळी स्थिर राहीना. लोकांना एकाच रायफलीत हरीण पण पाहिजे होतं, ते सगळे विंचेस्टरकडं गेले. रेमिंग्टननं १९६३ मध्ये पीळ वाढवून, नाव बदलून परत काढली पण गेलेलं गिऱ्हाईक काही परत आलं नाही.

तर भावाला सांगा, लायसन आल्यावर १५० चा एक डबा आणि १६५ चा एक डबा, दोन्ही साध्या सॉफ्ट पॉइंट, महागातल्या नको. शंभर यार्डावर कागद लावायचा, टेबलावर बसून, रायफल पोत्यावर टेकवून, प्रत्येकी तीन-तीन गोळ्या, मध्ये नळी थंड होऊ द्यायची. ज्या डब्याच्या तीन गोळ्या जवळ जवळ पडतील तो डबा. मग दुर्बीण त्याच डब्यावर सेट करायची आणि नंतर डबा बदलायचा नाही, कारण वजन बदललं की गोळी लागायची जागा पण बदलते, कधी दोन इंच, कधी चार. हे न करता ऐनवेळी दुसरं काडतूस घालणारे लोक मी बघितलेत, आणि मग जखमी हरणं. आणखी एक, १८० चा धक्का खांद्याला जास्त बसतो, नवीन माणूस धक्क्याच्या भीतीनं घोडा ओढताना डोळे मिटतो, मग कुठली गोळी घेतली याला काही अर्थ राहत नाही.

मांस घरी नेणार असतील तर शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत पसरलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून जखमेभोवतीचं मांस भरपूर कापून टाकायचं, घरात लहान मूल असेल तर जास्तच काळजी. नाहीतर पूर्ण तांब्याची गोळी मिळते, कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला बिनशिशाचीच गोळी लागते. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यानं तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून तांब्यात एक पायरी खाली यायचं, शिशाची १६५ घेणार असाल तर तांब्याची १५०, आणि ती वेगात असेल तरच नीट फुलते. आणि विस्कॉन्सिनमध्ये हरणांना एक मेंदूचा रोग आहे, सीडब्ल्यूडी म्हणतात, तिथं २००२ मध्ये सापडला. हरणाची तपासणी करून मिळते, रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवायचं, खायचं नाही.

वावरवाला_दारव्हा

मंडळी, उशीर झाला लिहाले, कापूस वेचनी चालू हाय. भावाचा कोर्स झाला, लायसन आलं, काल त्या मानसासोबत रेंजवर गेला होता. अंगात नारिंगी जाकीट घालून फोटो पाठवला, सीझनमधी तसं भडक रंगाचं घालाच लागते म्हने.

१५० च्या तीन गोळ्या कागदावर तीन इंचात पांगल्या. १६५ च्या तीन दीड इंचात, त्यातल्या दोन तं एकमेकाले चिटकून. मंग दुर्बिन १६५ वरच लावली अन् शेवटी दहा मिनिटं थांबून, थंड नळीची एक गोळी मारून पाह्यली, ते पन तिथंच बसली. त्या मानसानं पन १८० चा हट्ट सोडला, कागद पाहून म्हने हेच चालव.

मायले सांगितलं अकरा माशाची घेतली. तिनं रुपया परत पेटीत ठेवला अन् विचारलं, काकानं सांगितलेली जागा त्याले नीट समजली का. मी केळापूरच्या काकाचा मेसेज जसाच्या तसा त्याले पाठवला होता, त्यानं तो प्रिंट काढून रायफलच्या पेटीत ठेवला. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सीझन उघडते, नऊ दिवस असते. त्याचा फोन आला की इथं लिहितो.